पावतीसूत्रावर अल्प भाष्य

मराठवाड्याला सूत्रवाङ्मयाची परंपरा जुनी आहे. केसोबासांनी चक्रधरस्वामींची वचने सूत्रपाठात बांधली आणि पुढे महानुभाव पंथात त्या सूत्रांवर भाष्यांमागून भाष्ये झाली; त्याच प्रदेशात आज आणखी एक सूत्रग्रंथ रात्रंदिवस प्रकाशित होत असताना अभ्यासकांचे त्याकडे लक्ष जाऊ नये, ही खेदाची बाब आहे. हा ग्रंथ म्हणजे खाजगी आवारातील पार्किंगची पावती होय. मॉल, चित्रपटगृह, रुग्णालय किंवा व्यापारी संकुल यांच्या दारात ती फाडली जाते, तिचा आकार चार बोटांहून मोठा नसतो, आणि तिच्यावरील मजकूर इतका संक्षिप्त असतो की त्यातून एक अक्षरही काढता येऊ नये. तिच्या बहुतेक पाठांत दोन सूत्रे समान आढळतात. पहिले, ‘पार्किंग मालकाच्या जबाबदारीवर’. दुसरे, ‘पावती हरवल्यास दंड’. तिसरे सूत्र, म्हणजे हे पैसे कोणत्या अधिकाराने घेतले जातात, ते मात्र कोणत्याही प्रतीत मिळत नाही, आणि ते लुप्त झाले की मुळात रचलेच गेले नाही याविषयी मतभेद आहेत.

या वाङ्मयाला छत्रपती संभाजीनगरात बहर यावा, यात नवल नाही. ज्या शहराने 1985 पासून वाळूजला बजाजच्या दुचाक्या जन्माला घातल्या, शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या आणि 2010 च्या ऑक्टोबरात एकाच वेळी 150 मर्सिडीज विकत घेऊन देशभरच्या वर्तमानपत्रांत नाव मिळवले, त्या शहराला वाहन हे कधीतरी थांबतेही, हे मात्र फार उशिरा उमगले. गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट ही ठिकाणे पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या हिशोबाने वसलेली आहेत. मलिक अंबरने 1612 मध्ये भडकल दरवाजा उभारला, तेव्हा त्याखालून हत्ती जाईल की नाही याचा विचार झाला असेल. पण तो हत्ती पलीकडे गेल्यावर कुठे बांधायचा, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांवर सोपवण्यात आला आणि पुढच्या पिढ्यांनी तो कंत्राटदारावर सोपवला.

आता पहिले सूत्र. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या पदातील ‘मालक’ म्हणजे जागेचा मालक असा सरळ अर्थ एखादा भाबडा वाचक करील. परंतु परंपरा सांगते की येथे गाडीचाच मालक अभिप्रेत आहे. जागा त्यांची, पैसे त्यांना आणि जबाबदारी गाडीवाल्याची, अशी ही श्रमविभागणी आहे. कायद्यात या प्रसंगासाठी ‘निक्षेप’ नावाची संकल्पना आहे. एखादी वस्तू काही हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि हेतू पुरा झाल्यावर ती परत घ्यायची, या व्यवहाराला भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 148 मध्ये निक्षेप म्हटले असून, ज्याच्या ताब्यात वस्तू आली त्याने सर्वसाधारण समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी तिची घ्यावी, असे कलम 151 सांगते. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलात 1998 मध्ये एका ग्राहकाने मारुती झेनची किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हाती दिली आणि गाडी चोरीस गेली. चिठ्ठीवर जबाबदारी झटकणारे वाक्य होतेच. तरीही किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा वाक्याने टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 नोव्हेंबर 2019 रोजी ठरवले. चोरीपासून निकालापर्यंत एकवीस वर्षे गेली, तेवढ्या काळात झेनचे उत्पादनही बंद पडले.

अर्थात गाडी स्वतः लावून किल्ली खिशात घातली, तर ताबा दिला असे म्हणणे अवघड जाते आणि मग ती केवळ जागा वापरण्याची परवानगी ठरू शकते. परंतु येथेच स्थानिक परिभाषेतील एका वाक्याचे महत्त्व लक्षात येते. शिट्टी गळ्यात अडकवलेला मुलगा दुचाकीस्वाराला सांगतो, ‘काका, हँडल लॉक करू नका.’ वरवर पाहता ही गाड्या सरकवून आणखी चार गाड्या बसवण्याची सोय आहे. परंतु गाडी मालकाच्या पश्चात हलवण्याची मुभा मागणे हे ताबा मागण्याच्या किती जवळ जाते, यावर एखाद्या विधिज्ञाने प्रबंध लिहायला हरकत नाही. संध्याकाळी गाडी सकाळच्या जागेपासून तीस फुटांवर, आरसा वाकडा झालेल्या अवस्थेत सापडली आणि विचारणा केली, तर तोच मुलगा पावतीवरील पहिल्या सूत्रावर बोट ठेवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा पगार सूत्रकर्त्याच्या हातात असतो, आणि भर उन्हात बारा तास उभे राहून लोकांच्या शिव्या खाण्याचे काम भाष्यकाराच्या कामापेक्षा निश्चितच कठीण आहे.

दुसऱ्या सूत्रातील ‘दंड’ हा शब्द अधिक गंभीर आहे, कारण तो शब्द मुळात राजाचा. शासन दंड करते, न्यायालय दंड करते. दोन खाजगी माणसांत होऊ शकते ती फक्त भरपाई. करार मोडल्याबद्दल त्यात काही रक्कम आधीच लिहून ठेवली असेल, तर करार अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे ती रक्कम ही कमाल मर्यादा ठरते आणि तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. दहा रुपयांची पावती हरवल्याने दोनशे रुपयांचे नुकसान नेमके कोणाचे आणि कसे होते, हे सांगण्याचा भार खरे तर सूत्रकर्त्यावर पडायला हवा. प्रत्यक्षात तो आरसी बुकासह गाडीवाल्यावर पडतो. चाकाला जॅमर लावण्याविषयी तर मोटार वाहन अधिनियमाचे कलम 127 स्पष्टच आहे. सार्वजनिक ठिकाणी सोडून दिलेले किंवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलण्याचा अथवा त्याचे चाक जखडण्याचा आदेश त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देतो. कंत्राटदाराने शिवून घेतलेले निळे जॅकेट या अर्थाने गणवेश ठरत नाही.

याबाबतीत ब्रिटनने मोठी प्रगती केली आहे. तेथील खाजगी पार्किंग कंपन्यांच्या नोटिशीचे नाव असे बेतले गेले की तिची आद्याक्षरे सरकारी दंडाच्या नोटिशीशी तंतोतंत जुळावीत. दोन्ही ‘पीसीएन’, एक पार्किंग चार्ज नोटीस आणि दुसरी पेनल्टी चार्ज नोटीस. इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जागेत चाक जखडण्यावर 2012 मध्ये बंदी आली खरी, परंतु चेम्सफर्ड येथे दोन तासांच्या मोफत मर्यादेपेक्षा 56 मिनिटे जास्त थांबलेल्या एका गाडीमालकाला 85 पौंड भरावे लागतील, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले. तेथे निदान फलकावर रक्कम मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती, हे त्या निकालातील एक कारण होते. आपल्याकडील फलक बहुधा पहिल्याच पावसात पुसलेला असतो.

राहिले तिसरे, अलिखित सूत्र. इमारतीला परवानगी देताना महापालिका ठरावीक पार्किंग ठेवण्याची सक्ती करते आणि त्या बदल्यात ते क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकात, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या मोजमापात, धरत नाही. कायद्याने द्यावीच लागणारी जागा सवलत घेऊन बांधायची आणि नंतर तासाच्या भावाने विकायची, ही त्यातील खुबी आहे. काही इमारतींत तर तळघर कागदावर पार्किंगच राहते आणि जमिनीवर तेथे दवाखाना किंवा कोचिंग क्लास भरतो. मग गाड्या रस्त्यावर येतात आणि तेथे पोलिसांची क्रेन येते. निवासी इमारतींपुरता हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात, ऑगस्ट 2010 मध्ये, म्हणजे येथील मर्सिडीज दाखल होण्याच्या दोनच महिने आधी, निकालात काढला. स्टिल्ट, म्हणजे इमारतीच्या खांबांमधील मोकळी जागा, ही सामाईक असून बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. व्यापारी इमारतींबाबत मात्र न्यायशास्त्र भूगोलाप्रमाणे बदलते. गुजरात उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्सना शुल्क घेण्याचा अधिकार नाही असे ठरवले, तर केरळात आरंभी शंका व्यक्त होऊन पुढे शुल्क घेणे मालकाच्या मर्जीवर सोडण्यात आले. तेलंगणाने 2018 मध्ये पहिली तीस मिनिटे मोफत करून मध्यममार्ग काढला. सारांश, एकच गाडी अहमदाबादेत ग्राहक असते आणि कोचीत भाडेकरू.

मलिक अंबर जमिनीची प्रत पाहून सारा बसवत असे. आजचा पार्किंगवाला गाडीची प्रत पाहून बसवतो, आणि नापिकीच्या वर्षी मलिक अंबराकडे सूट मिळण्याची शक्यता अधिक होती. गाडीवाला हा सारा भरतो याचे कारण भित्रेपणा नाही. मागे सहा गाड्या हॉर्न वाजवत असतात, रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी वाट पाहत असते, आणि दहा रुपयांसाठी भांडणारा माणूस कंजूष ठरतो तर दहा रुपयांसाठी अडवणारा माणूस व्यवस्थापक ठरतो.

तरीही ज्यांना भांडायचेच आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराची तक्रार नोंदवायला शुल्क लागत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. यंत्रातून निघणाऱ्या पावतीच्या थर्मल कागदावरची अक्षरे मात्र उन्हात, डिकीत किंवा पाकिटात काही आठवड्यांतच पुसट होतात, म्हणून वाचकांनी तिचा फोटो त्याच दिवशी, शक्यतो फाटकाबाहेर पडण्यापूर्वी, काढून ठेवावा.