पावसाच्या पाण्यास अनावृत पत्र

प्रति,
श्री. पावसाचे पाणी,
मूळ राहणार : नैर्ऋत्येकडचे ढग,
हल्ली मुक्काम : उलवे-पनवेल खाडी परिसर, जि. रायगड.

विषय : विमानतळाच्या हद्दीत व लगतच्या गावांत विनापरवाना वाहणे, साचणे व शिरणे याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण दर वर्षी जूनमध्ये निमंत्रणाशिवाय येता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मोरबे, तानसा, विहार येथे आपले स्वागतच आहे; तेथली आपली पातळी वर्तमानपत्रांत छापूनही येते. तक्रार आहे ती आपल्या बाकीच्या संचाराबद्दल. गुळगुळीत धावपट्टीवर पडायचे, तेथून घसरायचे, जाता जाता हाताला लागेल ते बरोबर घ्यायचे आणि कुंपणापलीकडच्या गावात चुलीपर्यंत जायचे, हे वर्तन आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या शेजाऱ्याला शोभत नाही.

‘आम्हाला कुणी विचारलेच नाही’ ही आपली नेहमीची कैफियत. ती साफ खोटी आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार विमानतळाला पर्यावरण मंजुरी लागते. त्याआधी आघात मूल्यांकनाचा अहवाल होतो. जनसुनावणी असेल तर ३० दिवस अगोदर वर्तमानपत्रांत जाहिरात येते, त्यातले एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतले असते. आपण एकाही सुनावणीला हजर राहिल्याची नोंद सापडत नाही. तरीही तज्ज्ञ मंडळी आपली चौकशी करायला स्वतःहून जागेवर जातात, बाटल्या भरून नमुने घेतात. आता ही पाहणी बहुधा एकाच ऋतूची असते आणि तो ऋतू पावसाळा सोडून कोणताही चालतो, हा काही त्यांचा दोष नव्हे. ते आले तेव्हा आपण घरी नव्हता. अहवालात आपली वागणूक ‘समाधानकारक’ दिसते, ती त्यामुळेच.

एवढी चौकशी झाल्यावर २२ नोव्हेंबर २०१० रोजी नवी मुंबई विमानतळाला मंजुरी मिळाली. ११६० हेक्टर जागा आणि ३७०० मीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या. दोन्ही धावपट्ट्या एकमेकींच्या जवळ सरकवून गाढी नदीचे पात्र वाचवण्यात आले, यातले सौजन्य आपण लक्षात घ्यावे. उलवे नदीची मात्र बदली झाली. तिला नवे पात्र आखून देण्यात आले, सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी फोडण्यात आली आणि तिचा दगड-मुरूम खाजणात भराव म्हणून गेला. डोंगर खाली आला, खाजण वर आले. समतेचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. पण बदलीचा हुकूम निघालेला कारकून पुन्हा जुन्या टेबलाशी येऊन बसत नाही. आपण मात्र पहिली जोरदार सर आली की जुन्या पात्राची चौकशी करत फिरता. नकाशा बदलल्याचे आपणास रीतसर कळवण्यात आले नव्हते काय?

खाजणात आपली नेमकी काय नोकरी होती, तेही आम्हाला माहीत आहे. भरती आली की तिवरांत पसरायचे, चिखलात मुरायचे, ओहोटीला सावकाश परतायचे. खारबांधांना जुन्या लोकांनी उघाड्या ठेवल्या होत्या. ओहोटीला त्यांतून शेतातले पाणी बाहेर जाई, भरतीला त्या बंद होत. ही सारी व्यवस्था अत्यंत मंद होती आणि तिच्यापासून राष्ट्रीय उत्पन्नात काहीही भर पडत नव्हती. आता आपल्याला वेग मिळाला आहे. ३७०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद अशा एका धावपट्टीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर २ कोटी २२ लाख लिटर पाणी होते. त्यातले काही जमिनीत मुरण्याची चिंता आपण करू नये. तशी सोयच ठेवलेली नाही. टॅक्सी-वे, विमाने उभी करण्याचे फलाट, टर्मिनलची छपरे, रस्ते हा हिशेब वेगळा. पूर्वी जेथे आपण दिवसभर रेंगाळत होता, तेथून आता तासाभरात बाहेर पडता. आणि नेमके तेव्हाच खाडीला उधाण असेल, तर समुद्र आपल्याला आत घेत नाही, विमानतळ थांबू देत नाही. मग उरते ते मधले गाव.

अशाच मधल्या डुंगी गावच्या लोकांचे म्हणणे असे, की भराव झाल्यापासून पावसाळ्यात घरांत पाणी शिरू लागले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या माणसांना आपले गाव सखल भागात आहे हे भराव होईपर्यंत कळू नये, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. शेजारची जमीन वर उचलली की आपली आपोआप खाली जाते, हे भूमितीचे तत्त्व आहे; त्याला विस्थापन म्हणत नाहीत. पुनर्वसनाच्या यादीत घर बसवायचे तर ते धावपट्टीच्या जागेवर असावे लागे. पाण्याच्या वाटेत असून भागत नसे.

आपला पूर्वेतिहासही बरा नाही. मिठी नदी सांताक्रूझच्या विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते. तिलाही अशीच शिस्त लावली होती, काटकोनात वळायला शिकवले होते. २६ जुलै २००५ रोजी आपण काय केलेत ते सर्वांना आठवते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात एवढा पक्षपात! मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तेही ओहोटी असेल असे धरून. त्या वाढवून ५० मिलिमीटरच्या करायची योजना १९९३ पासून कागदावर होती. आपण ते ९४४ मिलिमीटर २४ तासांत सारखे वाटून घेतले असते, तर तासाला ३९ पडले असते आणि योजनेत अगदी ऐसपैस मावला असता. आपण दुपारच्या काही तासांतच सगळे उरकलेत. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या समितीला बसून अहवाल लिहावा लागला, मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापावे लागले. विमानतळही पाण्यात गेला, हे तर अक्षम्य. ज्या धावपट्टीखालून जायची मुभा दिली, तिच्याच डोक्यावर चढलात.

आता स्वच्छतेचा मुद्दा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, जल प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा. कायदा कडक आहे. संमतीपत्र लागते, सांडपाणी किती आणि कसे सोडायचे याची मर्यादा असते, नमुना घेतला जातो. यंत्रणेला हवी असते एक नळी, नळीला एक तोंड आणि त्या तोंडाशी उभा राहील असा एक मालक. विमानतळाच्या स्वच्छतागृहातले पाणी या शिस्तीत नीट बसते. आपण बसत नाही. आपण ढगातून निघता तेव्हा जवळजवळ निर्मळ असता. धावपट्टीवर विमानाची चाके टेकतात तेथे रबराचा थर बसलेला असतो, फलाटावर इंधनाचे नि तेलाचे थेंब पडलेले असतात, कुठे धुण्याची रसायने, कुठे अग्निशमनाच्या सरावातला फेस. पहिल्या पावसात हे सगळे उचलून आपण गटारातून खाडीकडे निघता आणि जिताड्या-निवट्यांसारख्या माशांच्या घरात उतरवता. विचारले तर हात वर करता, की हे माझे नव्हे. विमान कंपनी म्हणते, पाऊस आमचा नव्हे. विमानतळ म्हणतो, गटार पावसाळी आहे, सांडपाण्याचे नव्हे. तिघांचेही खरे आहे. म्हणूनच आम्हाला ही व्यवस्था आवडते.

परदेशात आपल्या भाऊबंदांना मात्र फार डोक्यावर चढवून ठेवले आहे. अमेरिकेच्या १९७२ च्या जलप्रदूषणाच्या कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि कारखाने, विमानतळ यांच्या आवारातून वाहणारे पावसाचे पाणीसुद्धा परवान्याखाली आले. सिएटलजवळच्या सी-टॅक विमानतळाला तिसरी धावपट्टी हवी होती. मिलर, वॉकर आणि डेमॉइन्स या तीन ओढ्यांच्या उगमाकडची जागा, पाणथळीवर भराव. शेजारच्या शहरांनी एकजूट करून राज्याने दिलेल्या पाणी-गुणवत्तेच्या प्रमाणपत्रालाच आव्हान दिले. भरावाची माती कुठून आणता, तिच्यात काय आहे, उन्हाळ्यात ओढ्याला पाणी किती उरेल, असले प्रश्न विचारले. अपील मंडळाने प्रमाणपत्र कायम ठेवले, पण वर जादा अटी घातल्या. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात २००४ पर्यंत चालले आणि धावपट्टी नोव्हेंबर २००८ मध्ये उघडली. ओढ्यांसाठी इतकी वर्षे! तेवढ्याने तिकडच्या लोकांचे समाधान नाही. पावसानंतर त्या भागातल्या ओढ्यांत कोहो सामन मासे का मरतात याचा पिच्छा पुरवून २०२० मध्ये तिथल्या संशोधकांनी टायरच्या झिजेतून येणारे एक रसायन शोधून काढले. टायर आमच्याकडेही झिजतात. आम्ही मात्र निवट्यांना उगीच शंका घ्यायला शिकवत नाही.

अशाच काही खोडसाळ सूचना इकडेही ऐकू येतात. पाहणी भर पावसाळ्यात करा. वळवलेल्या पात्रात आणि प्रत्येक गटाराच्या तोंडाशी मोजपट्टी लावा, आकडे रोज लोकांना दाखवा. पहिल्या पावसाचा नमुना तपासा. भरावामुळे गावात पाणी आले तर भरपाई कोण देणार, त्याचे नाव मंजुरीतच लिहा. अशाने पाण्याचे खरे वागणे कळेल, हा सूचना करणाऱ्यांचा हेतू. पण खरे वागणे कळल्यावर मंजुरी द्यायची कशी, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही.

सबब आपणास सूचित करण्यात येते की,

१) आपण दिवसभर समप्रमाणात पडावे. ढगफुटीस पूर्वपरवानगी आवश्यक.
२) निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहावे. उधाणाच्या दिवशी रजा घ्यावी.
३) आखून दिलेल्या पात्रातूनच जावे. पूर्वीचा वहिवाटीचा हक्क ग्राह्य धरला जाणार नाही.
४) तपासणीसाठी मार्च ते मे या काळात स्वतः हजर राहावे.
५) समारंभात व्यत्यय आणू नये. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले, पहिली विमाने २५ डिसेंबरला उडाली. दोन्ही मुहूर्त आपण परतीच्या वाटेला लागल्यावरचे होते. पुढेही असेच सहकार्य अपेक्षित आहे.

हे मान्य नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा मार्ग आपणास कागदोपत्री मोकळा होता. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवस. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६०. मंजुरी २२ नोव्हेंबर २०१० ची, म्हणजे सगळी सवलत धरूनही २० फेब्रुवारी २०११ ला मुदत संपली. आपण पोहोचलात जूनमध्ये. दावा मुदतबाह्य आहे.

आपला,
एक विकासप्रेमी नागरिक (तिसरा मजला)

प्रत माहितीसाठी :
१) उधाणाची भरती, पनवेल खाडी.
२) गाढी नदी : आपले पात्र तूर्त कायम आहे.
३) ग्रामस्थ, डुंगी : त्यांना वेगळे कळवण्याची आवश्यकता नाही, संबंधितांनी त्यांची घरी जाऊन भेट घेतली आहे.