भटजींची कमाई

“वहिनी, ऐकलंत का? खालच्या आळीतला तो पोरगा दुबईहून परतला म्हणे. गेला होता कर्ज फेडायला, आला हात हलवत!”

कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला, तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत होते. सूप घेऊन तशीच कुडापाशी गेले.

“कुणी सांगितलं?”

“सगळं कशेळे बोलतंय.”

“म्हणजे नुसतं ऐकीव! आणि काकू, हात हलवत आलेला माणूस रिकामाच असतो असं नाही. वरसईचे गोडसे भटजी ठाऊक आहेत ना?”

“पेणकडचं वरसई? तिथे माझी मावसनणंद दिलीये. ती कधी बोलली नाही.”

“तिच्या पणजीच्या काळातले ते! विष्णुभट नाव. घरावर कर्ज. कानावर आलं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार. दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ च्या मार्चमध्ये रामभटकाकांबरोबर निघाले. महूच्या वाटेवर शिपायांनीच सांगितलं, पुढे जाऊ नका, दंगा होणार आहे.”

“मग फिरले माघारी?”

“फिरतात कसले! कर्ज डोक्यावर होतं ना. यज्ञ राहिला बाजूला, भटजी सापडले बंडात. झाशीत राणीच्या आश्रयाला राहिले. ती पहाटे मल्लखांब करायची, हेही लिहून ठेवलंय त्यांनी. १८५८ च्या एप्रिलात गोरे शहरात घुसले. कत्तल, लूट. हे घरात दडून बसलेले. गाठीला होतं ते गेलं. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणीच भेटली, तहानलेली. हे पाणी शेंदायला पुढे झाले, तर तिनं विद्वान ब्राह्मणाला ते कष्ट करू दिले नाहीत. स्वतः शेंदून प्यायली.”

काकूंची केरसुणी थांबली.

“आणि घरी काय आणलं?”

“गंगेची कावड. आईवडिलांना गंगास्नान घातलं. पैशाच्या नावानं पूज्य.”

“बायको काय म्हणाली असेल हो!”

“ते तुम्हीच ताडा. पण पंचवीसेक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांनी गळ घातली, तेव्हा भटजींनी सगळं मोडीत लिहून काढलं. राज्य इंग्रजांचं, छापणार कोण? भटजी गेल्यावर, १९०७ साली, वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापलं, तेही आपल्या हातानं घासूनपुसून. भटजींचं मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली बाहेर काढलं. दक्षिणा मिळाली असती तर कर्जात जिरली असती, काकू. ही कमाई अजून पुरतेय.”

“पण सगळं खरं का ते?”

“झाशीतलं बरंचसं डोळ्यांदेखतचं. बाकी वाटेत कानावर आलेलं. इतिहासवाले पाखडून घेतात,” मी सूप हलवलं. “फोल मात्र फेकत नाहीत. तेव्हा लोक काय बोलत होते, ते त्यातूनच कळतं.”

काकू गप्प. मग म्हणाल्या, “संध्याकाळी जाऊ या का त्या पोराकडे? काय काय पाहिलं तिकडे, विचारू तरी.”

“जाऊ की.”

“पण रिक्षातून बॅग एकच उतरली हं, वहिनी. हे ऐकीव नाही, पाहिलेलं!”