अटकळीला शेपूट फुटते तेव्हा

अटकळ बांधण्यात गैर काहीच नाही. डॉक्टर बांधतो, फौजदार बांधतो, पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी तर बांधतोच बांधतो. पुरावा शोधायचा तर आधी कुठे शोधायचा याची अटकळ हवीच. घोटाळा होतो तो तिच्या मागे आपण 'म्हणे' चिकटवतो तेव्हा. 'म्हणे' लावले की सांगणारा सुटला, ऐकणारा सुटला, आणि मधल्या मध्ये बातमी तेवढी पक्की झाली.

गाझियाबादेतून निघालेले 'काला बंदर' मे २००१मध्ये पूर्व दिल्लीच्या गच्च्यांवर पोचले ते याच 'म्हणे'वर बसून. जीव नकोसा करणारा उकाडा, गुल झालेली वीज, गच्चीवर झोपलेली माणसे. अंधारात कोणाला तरी ओरखडा उठला, इथवर सगळे खरे. पुढे कोणाला ते चार फुटांचे दिसले, कोणाला आठ. डोळे लालभडक, पंजे लोखंडी, डोक्यावर हेल्मेट (दुचाकीवाल्यांनी आदर्श घ्यावा असे) आणि छातीवर तीन बटणे. काळोखात बटणे मोजण्याइतकी सवड ज्यांना मिळाली, त्यांचे उंचीवर मात्र एकमत होईना. पोलिसांनी रेखाचित्रे काढून घेतली, ५० हजारांचे इनाम लावले, आणि 'म्हणे'वर सरकारी शिक्का बसला.

कोणी म्हणेल, माणसे खरोखर जखमी झाली, घाबरून पळताना पडून दगावलीसुद्धा. यात थट्टा कसली? आक्षेप रास्त आहे. पण ओरखडा हा ओरखड्याचा पुरावा, माकडाचा नव्हे. आणि जीव घेतले ते घबराटीने. एका बुटक्या साधूला लोकांनी माकड समजून चोपले, त्याला तर हेल्मेटही नव्हते. अखेर दिलशाद गार्डनच्या 'इहबास' या मानसोपचार संस्थेतले मनोविकारतज्ज्ञ कामाला लागले आणि निष्कर्ष निघाला: असा प्राणी नाही, साथ आहे ती भीतीची. 'पण नव्हताच, हे तरी कुठे सिद्ध झाले?' असे विचारणारे आजही भेटतील. त्यांना इतकेच सांगावे की सिद्ध करायचे ते 'होता' म्हणणाऱ्याने. आणि ५० हजार देऊ केले असताना कोणीही ते केले नाही. जखमा कशाच्या असतील, याची अटकळ तज्ज्ञांनीही बांधलीच. पण ती त्यांनी जखमेशी ताडून पाहिली. म्हणून 'म्हणे'वर बंदी नको, राजधानीची निम्मी वार्तापत्रे कोरी निघतील. फक्त समोरच्याने दुसरे वाक्य सुरू करण्याआधी विचारावे, कोण म्हणे?