विमा टळला, काका लागले

मांडव्याला 2020 मध्ये रो-रो लागली, 2024 मध्ये अटल सेतू झाला आणि मुंबईकरांना आमच्या अलिबागचा अचानक उमाळा आला. किहीम-आवासकडचे गुंठ्याचे भाव आम्ही आता क्रिकेटच्या स्कोअरसारखे नुसते ऐकतो. म्हणून चेंढऱ्यात वन बीएचके बघितला. किंमत 32 लाख, समुद्र दिसत नाही, खारं वारं फुकट.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्यावर 75 लाखांपर्यंत 80 टक्के, पुढे 75. म्हणजे आम्ही पदरचे 3 लाख 20 हजार घालायचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या हिशेबात धरत नाहीत, ती वेगळी जुळवायची. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत असते. ती आम्ही घेतली. त्यामुळे घर बायकोचं आहे आणि हप्ता माझा.

बँकेतले साहेब फार गोड बोलले. "सर, कर्जावर विमा कंपल्सरी आहे. सव्वा लाख फक्त. खिशातून काही द्यायचं नाही, कर्जातच टाकू."

कर्जात टाकलेले सव्वा लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत अडीच लाखांच्या पुढे जातात, हे मोबाइलवर मोजायला मला त्यांचा चहा संपेपर्यंतचा वेळ पुरला.

न्यू जर्सीतल्या चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "आमच्याकडेही आहे. वीस टक्क्यांपेक्षा कमी घातले की विमा गळ्यात मारतात. हप्ता आपण भरायचा, आपण कर्ज बुडवलं तर भरपाई बँकेला." आई स्पीकरवर ऐकत होती.

"मग आपल्याला काय मिळतं?"

"काकू, कर्ज मिळतं."

"आणि मनःशांती?"

"ती बँकेला."

तिकडे निदान 1998 चा कायदा आहे. कर्ज मूळ किमतीच्या 80 टक्क्यांवर आलं की विमा काढा म्हणून अर्ज करता येतो, 78 वर तो आपोआप सुटतो. आपल्याकडेही सावकाराचं नुकसान भरून देणारी मॉर्गेज गॅरंटी कंपनी 2012 पासून आहे. साहेबांचा विमा मात्र निराळा होता. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं, घर बायकापोरांना राहतं. कल्पना वाईट नाही, फक्त माझ्या मरणाबद्दल साहेबांना जरा जास्तच उत्साह होता. त्याच कामाला साधा टर्म विमा बाहेर स्वस्तात मिळतो आणि तो कर्जात मिसळून त्यावर व्याज भरावं लागत नाही.

मी म्हटलं, "सक्तीचा आहे असं लेखी द्या." साहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा सक्ती उरली नव्हती, पण "प्रपोजल जरा वीक" झालं होतं. मार्जिन 20 टक्के करा, म्हणाले. म्हणजे 6 लाख 40 हजार.

त्यातले तीन लाख श्रीवर्धनच्या काकांनी दिले. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्यांची निम्मी सुपारीची वाडी आडवी झाली होती, तरी माणसाने बिनव्याजी, बिनकागदी पैसे काढून दिले. कागद नाही म्हटल्यावर अटीही लिहिलेल्या नाहीत, त्या मुक्कामाला आल्यावर कळतात. काकांना अलिबागेत दातांचा डॉक्टर आवडू लागला आहे. बाथरूमच्या फरशा त्यांनी निवडल्या. मुलाचं नाव बदलता येईल का, एवढं त्यांनी विचारून ठेवलं आहे. गणपतीत आलेल्या प्रत्येकाला ते घर दाखवतात आणि "आपण घेतलं" म्हणतात. बायको, जिच्या नावावर घर आहे, तेव्हा मोदक वळत असते. इथे 78 टक्क्यांवर काही सुटत नाही.

परवा काकांचा फोन आला. दिवेआगरच्या आत्याचा मुलगा घर घेतोय, बँक त्याच्याकडे विमा मागतेय, आणि तो काकांकडे आला होता.

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, विमाच घे बाबा. दोन-दोन घरी मुक्काम मला या वयात झेपायचा नाही."