बिनमिशीचा राजा

‘मामा, परस्पर अपवर्जी घटना म्हणजे काय रे?’ अकरावीतल्या भाचीने विचारलं. गणिताचं मराठी हे असं सोवळं नेसूनच येतं. मी म्हटलं, ‘माझ्या दोन आत्या.’

पाटल्यांच्या एका जोडावरून त्यांचं बिनसलं ते बिनसलंच. कार्याला थोरली आली तर धाकटी नाही, धाकटी आली तर थोरली नाही. दोघी एका मांडवात दिसण्याची शक्यता शून्य. त्यामुळे दोघींपैकी कोणीतरी येण्याची शक्यता काढायची, तर दोन आकडे नुसते मिळवायचे. वजाबाकीची भानगड नाही.

ती भानगड पत्त्यांत. 52 पानांतून एक ओढलं, तर ते राजा किंवा राणी असेल अशी पानं 4 आणि 4, आठ. सोपं. पण राजा किंवा बदाम? 4 आणि 13, सतरा म्हणालात की फसलात. बदामचा राजा वरपक्षाकडूनही आहेर घेतो आणि वधूपक्षाकडूनही. त्याला एकदा वजा करायचा, उरतात 16. नीट बघा त्याच्याकडे. चौघा राजांत बिनमिशीचा हा एकटाच, आणि तलवार स्वतःच्याच डोक्यात खुपसल्यासारखी धरलेली.

‘म्हणजे त्या दोघी आज्या एकमेकींपासून स्वतंत्र,’ भाची म्हणाली.

इथेच भलेभले पडतात. मीही कॉलेजात पडलो होतो. एकीची खबर लागूनही दुसरीचा अंदाज जराही बदलत नसेल, तर त्या स्वतंत्र. राजा आणि बदाम एका पानात नांदतात, तरी स्वतंत्र आहेत: पान बदामचं आहे हे कळलं तरी ते राजा असण्याची शक्यता 13त 1च, आधी होती तेवढीच. आत्यांचं तसं नव्हतं. थोरली रिक्षातून उतरताना दिसली की धाकटी येत नाही, हे शेजारीसुद्धा सांगत. थोरली तरी चपला काढायच्या आधी काय विचारायची? ‘ती यायची नाही ना गं?’ इतकं एकमेकींवर अवलंबून असलेलं आमच्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

‘मग त्या कधीच भेटल्या नाहीत?’

नाही. थोरलीच्या तेराव्याला मात्र धाकटी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. चपला काढताना तिने कोणाला काही विचारलं नाही.