रस्सा मंडळ चांदोलीला जातं

कोल्हापूरकराला रात्र उघड्यावर काढायची तर तंबू लागत नाही, पातेलं लागतं. माळावर किंवा नदीकाठी तीन दगड मांडायचे, जाळ लावायचा, मटण शिजेपर्यंत राजकारण आणि शिजल्यावर शांतता, अशी रस्सा मंडळाची अलिखित घटना आहे. पांघरूण विसरलं तर मंडळ शेकोटीवर भागवतं. कांदा-लसूण चटणी विसरली तर मंडळ फुटतं.

वारणानगरच्या अशाच एका मंडळाने दिवाळीनंतर बैठक घेतली. गाव सहकाराचं. तात्यासाहेब कोरे यांनी इथल्या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती दूध संघ, बाजार, शाळा-कॉलेजं, पोरांचा वाद्यवृंद असं सगळं उभं राहिलं. त्यामुळे इथे फिरायला जायचं म्हटलं तरी सूचक आणि अनुमोदक लागतो. कारखान्याचे निवृत्त चिटबॉय आबा अध्यक्ष, हायस्कुलातले सर सचिव. दाजी खजिनदारही आणि आचारीही, त्यामुळे हिशेबाला कुणी कधी नाव ठेवलं नाही. ठराव असा झाला की, चांदोली राष्ट्रीय उद्यानात आत खोलवर जाऊन एक मुक्काम करावा. आयत्या वेळच्या विषयात पुण्याच्या आयटी कंपनीतल्या भाच्याने तंबू, डोक्याला बांधायची बॅटरी आणि ओल्या टिश्यूंची पाकिटं मंजूर करून घेतली. दाजींनी त्याच विषयात पाच किलो मटण आणि एक स्पीकर घुसवला.

बांबवडे, कोकरूड, शेडगेवाडी, आरळा करीत गाडी मणदूरला पोचली. तिथे वनखात्याचा वनरक्षक भेटला आणि ठरावाचं वाचन सुरू झालं.

"आत मुक्काम करायचा हाय," आबा म्हणाले.

"आत मुक्काम कुणालाच न्हाई, आबा. दिवस मावळायच्या आत भाईर."

"बरं. मग दुपारचं जेवण तरी आत करतो. चूल आमची, लाकडं आमची."

"वन्यजीव कायदा 1972, कलम 30. विस्तव पेटवायचा न्हाई आणि पेटलेला सोडायचाबी न्हाई."

"बारकी चूल हो!" दाजी म्हणाले.

"कायद्यात चुलीची मापं दिल्याली न्हाईत."

मग स्पीकर गेला. बाटल्या गेल्या. गाडीतून उतरून वाट फुटेल तिकडे भटकायचं कलमही गेलं. वाटाड्या सांगेल तिथेच उतरायचं. कचऱ्याचं काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण तेही त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये बसवलेलं आहे: प्राण्यांना डिवचायचं नाही आणि आवारात घाण टाकायची नाही. दहा मिनिटांत ठरावातलं "चांदोलीला जावं" एवढंच शिल्लक राहिलं.

"पण वाघ तरी हाय का?" दाजींचा हा प्रश्न पडलेल्या ठरावावरची दुरुस्ती होती.

आता आहे. चांदोली 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र 317.67 चौरस किलोमीटर. 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, महाराष्ट्रातला चौथा. नावात व्याघ्र आला, पण जंगलात वाघ क्वचितच डोकावायचा. बरीच वर्षं पाट्यांवरच जास्त दिसला. मग डिसेंबर 2023 मध्ये चांदोलीतल्या कॅमेऱ्यात एक नर टिपला गेला. पुढे आणखी दोन आले आणि तिघांना सेनापती, सुभेदार, बाजी अशी नावं पडली. सगळे नर. फौज जमली, संसार नाही. तेव्हा नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली.

"एवढं आधी ठाऊक असतं," दाजी म्हणाले, "तर तंबूला मीच हरकत घेतली असती."

वाटाड्याची काळजी मात्र वाघाची नव्हती, गव्याची होती. पूर्ण वाढलेला नर गवा टनाच्या घरात जातो आणि एवढं ओझं घेऊन चढ असा चढतो की ट्रेकिंगच्या बुटांना लाज वाटावी. डिसेंबर 2021 मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते आणि भुयेवाडीजवळ एका तरुणाचा जीव गेला होता. गवा एरवी माणसाला टाळतो. पण लोक चहूबाजूंनी मोबाइल घेऊन उभे राहिले, आरडाओरडा झाला, जायला वाट उरली नाही की तो बिथरतो. म्हणून वाटाड्याने सूचना दिली, "गवा दिसला तर थांबायचं, त्याला वाट द्यायची, सेल्फी काढायची न्हाई." मंडळाने भगव्या रंगाचे, पाठीवर मंडळाचं नाव छापलेले टी-शर्ट घातले होते. ते भडक दिसू नयेत म्हणून उलटे करून घालायचा ठराव बिनविरोध झाला.

झोळंबीचा सडा आला तेव्हा भाच्याने तंबूच्या खुंट्या हळूच परत पिशवीत ठेवल्या. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. मातीचा थर बोटभर, खाली कातळ. खुंटी वाकते, कातळ हलत नाही. पावसाळ्यात या बोटभर मातीवर दवबिंदू आणि सीतेची आसवं अशी किडे खाणारी झाडं उगवतात, कारण या मातीत नायट्रोजन कमी आणि पोट तर भरायचं असतं. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि होळीपर्यंत त्याचं सरपण होतं. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचे पट्टे मुद्दाम जाळून आगीची वाट तोडतं. पण पर्यटकाच्या एका विडीचा बेत जाळरेषेला आधी कळत नाही. आबांनी खिशातली माचिस काढून वाटाड्याकडे जमा केली आणि सुपारीवर भागवलं.

सड्यावरून खाली वसंतसागराचं, म्हणजे चांदोली धरणाचं, पाणी दिसलं. वारणा पाथरपुंजाच्या डोंगरात उगम पावते, चांदोली धरणात 34.40 टीएमसी होऊन अडते आणि मग कोल्हापूर-सांगलीची हद्द आखत वारणानगरावरून हरिपूरला कृष्णेला मिळते. आयुष्यभर उसाच्या नोंदी लिहिलेल्या आबांनी हिशेब मांडला. "म्हंजे हितं टाकल्याली पिशवी फुडल्या हंगामात आपल्याच पाटाला लागणार." दाजींच्या हातातून निसटू पाहणारं वेफर्सचं पाकीट मुकाट खिशात गेलं.

पुढचा विषय नाजूक होता. डोंगरात परसाकडे जायचं तर कसं, यावर जगभरचे गिर्यारोहक एकमताचे आहेत: सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून दोनशे फूट लांब, नंतर माती लोटायची. सरांनी हे मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवलं.

"वीतभर खड्डा आन वढ्यापास्नं सत्तर पावलं," आबांनी भाषांतर केलं. "आमच्या आज्जीला हे कुठल्या अमेरिकेनं शिकिवलं न्हवतं."

भाच्याने ओल्या टिश्यूचं पाकीट पुढे केलं. बहुतेक ओल्या टिश्यूंत प्लॅस्टिकचे धागे असतात. पुरलं तरी कुजत नाही, रानडुकराने उकरलं की पुन्हा वर येतं. ते वापरायचं तर वापरलेलं घरी न्यायचं, असं सरांनी सांगितल्यावर मंडळात शांतता पसरली. शेवटी पाण्याचा तांब्या आणि गाडीतलं खुरपं हेच अधिकृत साहित्य ठरलं. उद्यानाबाहेर पडेपर्यंत त्याची गरज कुणालाच भासली नाही, हा भाग वेगळा.

जगात सगळीकडेच जंगलात झोपायला बंदी आहे, असं नाही. हिमाचलच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात परवाना काढून ठरलेल्या जागी तंबू ठोकता येतो. अमेरिकेत योसेमिटीच्या अंतर्भागात मुक्कामाला जाणाऱ्याला खाण्याचं सामान अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवावं लागतं. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी माणसाच्याच हातून मरतं, हे तिथे अनुभवाने कळलं. चांदोलीतही अस्वल आहे, आणि दाजींचं पातेलं त्याला नक्कीच उघडता आलं असतं.

रात्री मंडळ उद्यानाबाहेरच्या एका गावात, घरधन्याला विचारून, त्याच्या अंगणात उतरलं. मटण त्याच अंगणातल्या चुलीवर शिजलं, भाकरी घरातल्या काकूंनी थापल्या. भाच्याचा तंबू अखेर उभा राहिला, शेणाने सारवलेल्या अंगणाच्या कडेला. भाच्याने उद्याच्या न्याहारीला रस्सा तंबूत नेऊन ठेवला आणि गावातल्या कुत्र्यांची सर्वसाधारण सभा तिथेच भरली. सामान तंबूत ठेवू नये, हा नियम अस्वलाशिवायही सिद्ध झाला.

जेवताना सरांनी पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेचा विषय काढला. शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले त्या जुलै 1660 मधल्या रात्रीच्या आठवणीत दरवर्षी भर पावसात हजारो लोक मसाई पठारावरून ही वाट चालतात. हे मंडळही चालतं. मावळ्यांच्या मागे चिखलात फक्त पावलं उरली असतील. त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या बाटल्या नव्हत्या. आता प्रत्येकाने आपली बाटली परत आणायची आणि वाटेतली निदान एक उचलायची, असं ठरलं. दाजींनी अनुमोदन दिलं, पण बाटली धरायची तर भाकरी कुठल्या हातात धरायची, हा मुद्दा पुढच्या बैठकीवर ठेवला.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी इतिवृत्तातला उपयोगाचा भाग एवढाच. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, तेव्हा दिवाळीनंतर जावं. वनखात्याकडे आधी चौकशी करून परवानगी घ्यावी आणि वाटाड्याशिवाय आत शिरू नये. मुक्काम आणि चूल दोन्ही बाहेरच्या गावात ठरवावं. गावाला चार पैसे मिळतात आणि भाकरी दाजींपेक्षा बरी होते. काडेपेटी आणि स्पीकर मात्र घरीच ठेवावा.