शोभेची वस्तू घरात आणण्याचे नियम

ज्यांना घर सजवायला आवडतं आणि ज्यांच्या घरात 'ह्याचा उपयोग काय?' असं विचारणारी किमान दोन माणसं राहतात, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. एकट्यानं राहणाऱ्यांना तिची गरज नाही. इंटिरियर डिझायनरला पैसे देऊन मोकळं होणाऱ्यांनाही नाही. त्यांच्या घरी भांडण वस्तूवरून होत नाही, बिलावरून होतं, आणि तो वेगळा विषय आहे.

आधी व्याख्या. 'शोभेची वस्तू' म्हणजे जिनं उंबरा ओलांडताच तीन प्रश्न विचारले जातात : केवढ्याला? ठेवणार कुठे? पुसणार कोण? 'उपयोगी वस्तू' म्हणजे जिच्याबद्दल यातलं काहीही विचारलं जात नाही. उदाहरणार्थ, आमच्या पलंगाखाली मिक्सरचं खोकं आहे. आत मिक्सर नाही. तो केव्हाच भंगारात गेला. आत मिक्सरच्या आकाराचा थर्माकोल आहे. त्याला कोणी काही विचारत नाही.

नियम १. समोरच्या पक्षाचा अभ्यास करावा

व्यवहारी माणसं सगळी सारखी नसतात. त्यांचे पोटभेद आहेत आणि प्रत्येकाचं औषध निराळं.

आमचा नवरा हिशेबी वर्गात मोडतो. मी हॉलच्या कोपऱ्यात तांब्याचं घंगाळ ठेवलं तेव्हा त्यानं टेप काढून जागा मोजली, तिला पुण्यातल्या कोथरूडच्या चौरस फुटाच्या भावानं गुणलं आणि जाहीर केलं की ह्या घरात लाखो रुपयांच्या जागेत फुकट राहणारं एक घंगाळच आहे. सासूबाई धूळपंथातल्या. त्यांच्या लेखी जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार : धूळ बसणाऱ्या आणि कपाटात बंद असलेल्या. सासरे, म्हणजे अप्पा, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते कुठलीही वस्तू बोटाच्या पेरानं ठोकून बघतात आणि विचारतात, "टिकणार किती?" हा प्रश्न त्यांनी फुलदाणीबद्दल विचारलाय, पडद्यांबद्दल विचारलाय, आणि आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्याकडे बघूनही त्यांच्या मनात तोच आला असणार.

नियम २. वस्तू नोकरी लावूनच घरात आणावी

बेकार वस्तूला प्रवेश नाही. तेव्हा दुकानातून घरी येईपर्यंत तिच्यासाठी काहीतरी काम शोधून ठेवावं. घंगाळात छत्र्या राहतात. पावसाळ्याचे चार महिने ते छत्र्या सांभाळतं. उरलेले आठ महिने रिकामं बसलं तरी त्याला कोणी काढून टाकत नाही, कारण एकदा कायम झालेल्याला काढता येत नाही, हे अप्पांना तत्त्वतः मान्य आहे. शिसवी पाट 'फोनवर बोलताना पाय ठेवायला' आला. इरकली काठाचं कापड 'टेबलावर ओरखडे पडू नयेत' म्हणून आलं. आता त्या कापडावर ओरखडे पडू नयेत म्हणून सासूबाईंनी वर प्लास्टिक अंथरलंय. ह्या शेवटच्या प्रकारावर उपाय मिळालेला नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्याचं काम मात्र जपून निवडावं. पाणी चालतं. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंचेचं सार, लिंबाचं सरबत असलं आंबट काही ठेवू नये. ते कळकतं, आणि मग घरात कोणाचंही पोट दुखलं तरी पुढची दहा वर्षं खापर त्या भांड्यावर फुटतं.

नियम ३. 'टिकणार किती?'चं उत्तर कारागिराकडून मिळवावं

अप्पांना एकदा कसबा पेठेत तांबट आळीत नेलं. तिथं अजूनही हातानं भांडी घडवणारी माणसं आहेत. भांडं आकाराला आलं की त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके ओळीनं घालत जातात. त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी अंगावर चकचकीत पैलू पडतात, आणि मी त्या पैलूंसाठीच गेले होते. पण तापवून मऊ पडलेलं तांबं त्याच ठोक्यांनी कडक होतं आणि मग सहज चेपत नाही. हे कारागिराकडून ऐकल्यावर अप्पांनी तिथली एक लोटी उलटी करून ठोकली, कानाशी नेली, पुन्हा ठोकली आणि म्हणाले, "असं आधी सांगायचंस ना." पैसे त्यांनी दिले. सुंदर आहे, असं ते अजूनही म्हणालेले नाहीत.

नियम ४. किंमत

निम्मी सांगावी. त्याहून कमी सांगू नये. नाहीतर आत्याबाईंसाठी तसलीच दोन आणायची ऑर्डर मिळते आणि वरचे पैसे आपल्याला भरावे लागतात.

नियम ५. भिंत हे कार्यक्षेत्र अप्पांचं

भिंतीला भोक पाडणं ही आमच्या घरात गंभीर घटना आहे. त्यासाठी अप्पांची परवानगी लागते, आणि परवानगी मागितली की मिळत नाही. म्हणून परवानगी मागू नये. हातात हातोडी आणि खिळा घेऊन भिंतीपुढे चुकीच्या पद्धतीनं उभं राहावं. पाच मिनिटांत अप्पा येतात. "अगं, खिळ्यानं प्लास्टर उडेल. गिट्टी घालायला हवी." यापुढे काम त्यांचं.

ड्रिल येतं. ओळंबा येतो. पाणसळ येते, तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत कोणी शिंकायचंसुद्धा नाही. वारली चित्राची एक फ्रेम लावायला आमच्याकडे जेवढं मोजमाप झालं तेवढं बिल्डरनं इमारत बांधताना केलं असतं तर बाथरूमचं पाणी उलट्या दिशेला वाहिलं नसतं.

उंचीवरून वाद होतो, त्याला तयार राहावं. आपल्याकडे भिंतीवर काहीही लावायचं म्हणजे छताखाली, दोरीला लटकवून, पुढे झुकवून, अशी पद्धत आहे. ती पूर्वजांच्या फोटोंची पद्धत. तिथून त्यांनी आपल्यावर लक्ष ठेवायचं असतं. चित्राकडे आपण बघायचं असतं, म्हणून त्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत हवा, जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर. सोफ्याच्या वर लावायचं तर सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर, अधांतरी नको. "डोळ्यांच्या रेषेत म्हणजे कोणाच्या?" असं नवऱ्यानं विचारलं. त्याची उंची सहा फूट, सासूबाईंची पाच फुटांच्या आत. निकाल सासूबाईंच्या बाजूनं द्यावा. पुढे त्यांच्या मताची गरज पडते.

बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर कागदाचं चित्र लावूच नये. श्रावणापर्यंत त्यावर बुरशीचे ठिपके येतात. लावावंच लागलं तर फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांत छोटे रबरी तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते. हे मी म्हणताच अप्पा उठले आणि ड्रॉवर घेऊन आले. ड्रॉवरमध्ये जुन्या नळांचे वॉशर होते. नळ गेले, ते नळ होते ते घर गेलं, वॉशर राहिले. 'कधीतरी कामाला येतील' म्हणून ठेवलेली वस्तू प्रत्यक्ष कामाला आली की ठेवणाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते बघायला मिळणं हा ह्या छंदाचा मोठा फायदा आहे. त्या दिवशी अप्पांनी आपणहून विचारलं, "आणखी कुठे काही लावायचंय का?"

नियम ६. शक्य तेवढं देवाच्या नावावर करावं

स्वतःच्या आनंदासाठी आणलेली लामणदिव्यांची जोडी म्हणजे उधळपट्टी. तीच गौरी-गणपतीसाठी आणली तर सासूबाई स्वतः दोन दुकानं जास्त फिरतात. वर्षभर माझ्या दीडशे रुपयांच्या उशीच्या अभ्र्यावर भाष्य करणारा नवरा मखरासाठी रात्री दोनपर्यंत जागतो आणि वायरिंग करतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा त्याला शोक झाला. पण मग लाकडी पट्ट्यांचं, कापडाचं, घडी होणारं मखर त्यानंच केलं.

खुबी पुढेच आहे. गणपती गावाला जातात. आरास जात नाही. दिवे 'दिवाळी आलीच की' म्हणून राहतात, दिवाळीनंतर 'संक्रांतीचं हळदीकुंकू', मग 'चैत्रगौर' म्हणून. चैत्रगौर उठेपर्यंत दिव्यांकडे बघायची सवय झालेली असते.

नियम ७. झाडं

गवती चहा, ओवा, कढीपत्ता यांना प्रवेश खुला आहे. फर्न आणायचं तर ह्यांच्यामध्ये उभं करून आणावं. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी दर आठवड्याला बदलावं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातही वाढतो, आणि एक डास दिसला की सगळी बाग संशयित ठरते.

नियम ८. उजेड

'उजेड म्हणजे उजेड' असं मानणाऱ्या घरांत पांढरीशुभ्र ट्यूब असते. तिच्याखाली सगळी माणसं डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी दिसतात. बल्ब घेताना वॅटचा आकडा वाचून थांबू नये. खोक्यावर 'के' अक्षर जोडलेला आणखी एक आकडा असतो. ६५०० म्हणजे पांढरा-निळसर, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ऊबदार. बसायच्या कोपऱ्यात दुसरा हवा, तोही छताला नको, डोळ्यांच्या खाली येईल असा. हिशेबी नवऱ्याला मात्र हे काही सांगायचं नाही. जुनी ट्यूब ४० वॅट, हा दिवा ९ वॅट, एवढंच सांगायचं. बाकीची वजाबाकी तो करतो. तेव्हापासून रोज रात्री त्याच दिव्याखाली तो पेपर वाचत बसतो आणि विचारलं तर म्हणतो, इथं पंखा लागतो.

नियम ९. विरोधकांना संग्रहालयात न्यावं

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय ह्या कामाला उत्तम. दिनकर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहीत. त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि संग्रह सुमारे वीस हजारांवर गेला : दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, वाद्यं. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं. अप्पा अडकित्त्यांपुढे उभे राहून म्हणाले, "सुपारी तेवढीच. एवढे कशाला?" मग नवऱ्याला कुजबुजत विचारलं, "बायको काही बोलली नाही?" त्या कमलाबाई वस्तू शोधण्यात नवऱ्याबरोबर होत्या, हे मी मोठ्यानं सांगितलं. दोघांनाही ऐकू जाईल असं.

सासूबाई मात्र पितळी भांड्यांपाशी बराच वेळ थांबल्या. "असा डबा आमच्याकडे होता. आणि ते घंगाळ. सगळं मोडीत घातलं, स्टील आलं तेव्हा." एका पिढीनं घासून घासून कंटाळून पितळ वजनावर दिलं आणि हलकं, न कळकणारं स्टील घेतलं. त्यांना दोष कसा द्यायचा? चिंच आणि राख घेऊन मोरीत बसणाऱ्या त्याच होत्या. आता मी बुधवार-रविवार जुन्या बाजारात जाऊन तसलंच पितळ विकत आणते, आणि भाव वजनाचा नसतो. माझ्या सासूबाईंच्या माहेरचंच घंगाळ मी विकत घेऊन आले नसेन, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

नियम १०. सासूबाईंच्या शोकेसला हात लावू नये

त्यात आग्र्याचा ताजमहाल, कन्याकुमारीचे शिंपले, लग्नात आलेला आणि एकदाही चहा न पाहिलेला टी-सेट आणि मान हलवणारी तंजावरची बाहुली आहे. त्यांचा उपयोग विचारू नये. तसं विचारणाऱ्याशी त्या संध्याकाळपर्यंत बोलत नाहीत. मी बघितलंय.

आणि रांगोळी. हा नियम नाही, पण सांगायलाच हवं. सासूबाई रोज सकाळी दारापुढे गेरूच्या चौकोनात ठिपके मांडतात. दहा वाजेपर्यंत कुरिअरवाला, शेजारचा सायकलवाला मुलगा आणि झाडणाऱ्या बाई मिळून ती पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी नवीन. चैत्रात तर चैत्रांगण : सूर्य, चंद्र, शंख, कासव, हत्ती, झोपाळ्यातली गौर, गुडघे दुखत असताना तासभर खाली बसून. घरातली सगळ्यात व्यवहारी बाई. मी एकदा विचारलं, "आई, रोज पुसली जाते, तरी काढायची?"

"अगं, दार बोडकं दिसतं," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी घंगाळाला नोकऱ्या शोधत होते, वॅटची गणितं मांडत होते. आता नवऱ्यानं 'ह्याचा उपयोग काय' म्हटलं की मी फक्त म्हणते, "भिंत बोडकी दिसते." सासूबाई आतून म्हणतात, "दिसतेच."

नियम ११. जिंकल्यावर काय करावं

एक दिवस पाहुणे येतात आणि अप्पा त्यांना लोटी दाखवत मठारकाम समजावून सांगू लागतात. ठोकून दाखवतात. मग वारली चित्र, त्यामागची गिट्टी, गिट्टीचा आकार आणि वॉशर. "हे सगळं आम्ही केलंय," म्हणतात. 'आम्ही' म्हणजे ते आणि पाणसळ. आपण तेव्हा आत पोहे परतत असतो.

ह्या टप्प्यावर श्रेय मागू नये. पूर्वेकडची भिंत मागावी, आणि पाहुणे जाण्याच्या आत मागावी.